दुसऱ्याचा दोर

डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात, नौदल दिनाच्या आगेमागे, मुंबईच्या नौदल गोदीत लागलेल्या युद्धनौका सामान्य नागरिकांना पाहावयास खुल्या करण्याचा शिरस्ता आहे. लायन गेटापासून जी रांग सुरू होते ती बहुतेक तोफांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या ओढीने पुढे सरकत असते, आणि ते स्वाभाविकही आहे. शस्त्र डोळ्यांत भरते, दोर भरत नाही. मी त्या रांगेतून जहाजावर चढलो तेव्हा माझी अपेक्षाही इतरांहून निराळी नव्हती. परंतु पुढच्या डेकवर पाऊल टाकून, तोफ कोठून नीट दिसेल याचा अंदाज घेत मी कडेला उभा राहतो न राहतो तोच पांढऱ्या गणवेशातील एक पेटी ऑफिसर जवळ आला आणि अदबीने, पण मोडता घालण्याची सोय नसलेल्या सुरात म्हणाला, "काका, जरा त्या दोराच्या आतून बाहेर या."

मी खाली पाहिले. एक जाड दोर डेकवर सैल पडला होता; त्याच्या वळणाचे अर्धवर्तुळ झाले होते आणि त्या अर्धवर्तुळात माझी दोन्ही पावले होती. "हा तर मोकळाच पडलाय," मी म्हणालो. "मोकळा आहे म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला, "ताण आल्यावर सांगायला वेळ मिळत नाही."

त्या एका वाक्याने मला दोन तास तेथेच खिळवून ठेवले. तो गृहस्थ मूळचा गुहागर तालुक्यातला, मच्छिमाराच्या घरचा. तोफेविषयी प्रश्न विचारणारे शेकडो लोक त्याने त्या दिवशी पाहिले असतील, दोराविषयी विचारणारा बहुधा मीच पहिला असेन, आणि म्हणून त्याने मला जे दाखविले ते हात न आखडता दाखविले. नौकानयन हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो, पण नौकानयन म्हणजे मार्ग काढण्याची विद्या. ती नकाशाच्या मेजावर चालते. जहाजाला धक्क्याशी बांधणे, नांगर टाकणे आणि उचलणे, होडी उतरविणे, दोराला गाठ देणे, ही जी हाताची आणि अंगमेहनतीची विद्या तिला खलाशांच्या जगात सीमनशिप म्हणतात. तिची पहिली पायरी म्हणजे गोष्टींची नावे, आणि ती नावे तशीच का, हे समजून घेताना माझी अशी खात्री होत गेली की या विद्येचे सारे मर्म दुसऱ्या माणसाची आगाऊ काळजी वाहण्यात आहे.

जहाजाचा उजवा हात

जहाजावर जमीन नसते, डेक असतो. भिंत नसते, बल्कहेड असते. जिना कितीही ऐसपैस असला तरी तो लॅडरच. स्वयंपाकघर ही गॅली. नवख्या माणसाला हे सारे एका बंद जमातीचे नखरे वाटतात. पण या नावांचा उगम सोयीत आहे, आणि तो दिशांच्या नावांत सर्वांत स्पष्ट दिसतो. आपली डावी-उजवी ही आपल्या देहाला बांधलेली असते; मी वळलो की ती माझ्याबरोबर वळते. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाने "उजवीकडे ओढ" म्हटले तर ती उजवी कोणाची, हा प्रश्न घरात क्षुल्लक असतो. ताणलेल्या दोराच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या माणसांमध्ये तो हातापायांवर बेतणारा ठरतो. म्हणून खलाशांनी डावी-उजवी माणसाकडून काढून घेतली आणि ती जहाजाला देऊन टाकली. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिले असता उजव्या हाताची बाजू ती स्टारबोर्ड, डाव्या हाताची ती पोर्ट; मग तुम्ही कोणीकडेही तोंड करा, पाठमोरे उभे राहा, ती बदलावयाची नाही.

स्टारबोर्ड या नावाच्या पोटात जुनी नौका दडलेली आहे. सुकाणू जहाजाच्या पाठीमागे मधोमध येण्यापूर्वी उत्तर युरोपातील नौका उजव्या बाजूस लावलेल्या एका मोठ्या वल्ह्याने वळविल्या जात, आणि ती बाजू म्हणून सुकाणूची बाजू ठरली. ते वल्हे धक्क्यावर आपटू नये यासाठी नौका डाव्या अंगाने बंदराला लावीत. त्या डाव्या बाजूचे इंग्रजी नाव पूर्वी लारबोर्ड असे होते. परंतु स्टारबोर्ड आणि लारबोर्ड हे दोन ध्वनी वादळात एकमेकांत मिसळतात, आणि विरुद्ध दिशांची नावे सारखी ऐकू येणे यापरता घातक भाषादोष दुसरा नाही, हे ओळखून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली लारबोर्ड हा शब्द हुकुमाने बंद केला आणि पोर्ट कायम केला. व्याकरणकारांनी शब्द शुद्ध केल्याची उदाहरणे आपल्याला पुष्कळ माहीत असतात. एका नौदलाने माणसे वाचावीत म्हणून शब्द बदलला, हे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते.

रात्री हीच दोन नावे दिव्यांच्या रंगात उतरतात: पोर्टला तांबडा, स्टारबोर्डला हिरवा. टेहळणीवरचा खलाशी डाव्या बाजूला पंचेचाळीस अंशांवर काही दिसले तर "रेड ४५" एवढेच म्हणतो. त्या अक्षरांत दिशाही आली आणि कोनही आला. पुढचा जो उंच डेक, ज्यावर आम्ही उभे होतो, त्याला फोक्सल म्हणतात. मध्ययुगात लढाऊ जहाजांच्या पुढच्या टोकाला धनुर्धाऱ्यांसाठी लाकडी बुरूज बांधीत, त्या बुरुजाच्या इंग्रजी नावाचे खलाशांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेले हे रूप आहे. बुरूज गेला, धनुर्धारी गेले, नाव उरले.

सुरगाठ आणि निरगाठ

दोराचा विषय निघाला तसा त्या पेटी ऑफिसराचा चेहरा उजळला. दोराचे जे टोक हातात असते ते त्याचे टोक. जो भाग ताण घेऊन उभा असतो तो त्याचा स्थिर भाग. आणि या दोहोंमधील सैल वळण म्हणजे बाइट. मी उभा होतो तो त्या बाइटच्या पोटात. ताण येताच वळण क्षणार्धात सरळ होते आणि आत असलेले पाऊल त्या सरळ रेषेच्या आड येते. काथ्याचा किंवा अंबाडीचा जुना दोर तुटण्यापूर्वी कुरकुरत असे. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणला जातो, बराच वेळ मुकाट राहतो आणि तुटला की साठविलेली सारी शक्ती घेऊन ज्या दिशेने ताणला होता त्या दिशेने उलटतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहावयाचे नाही, ही ताकीद डेकवरच्या पहिल्या दिवसापासून दिली जाते.

तीन पेडांचा दोर बहुधा उजव्या पिळाचा असतो, आणि त्याचे वेटोळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालावयाचे असते. उलट घातले तर पीळ चिडतो, दोराला आढी पडते आणि नेमका घाईच्या वेळी तो अडकून बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही आपल्याकडील म्हण हट्टी माणसाला उद्देशून योजतात. त्या दिवशी मला कळले की पिळाच्या स्वभावाला मान देऊन दोर ठेवणे हे खलाशाच्या सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे. कारण आज वेटोळे घालणारा एक असतो आणि मध्यरात्री अंधारात ते सोडणारा दुसरा.

मग त्याने दोन हात लांबीचा एक दोर घेऊन गाठी दाखविल्या. मराठीने गाठींची फार सुंदर विभागणी करून ठेवली आहे: टोक ओढताच सुटते ती सुरगाठ, आणि जी सुटता सुटत नाही ती निरगाठ. बोलाइन नावाची जी गाठ खलाशी प्रथम शिकतो, तिच्यात हे दोन्ही गुण एकत्र नांदतात. तिचा फास ओढल्याने आवळत नाही, म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाच्या काखेखालून तो घालता येतो; भार असेपर्यंत ती निरगाठीसारखी धरून राहते आणि भार उतरला की बोटाच्या रेट्याने सुरगाठीसारखी उकलते. रीफ नॉट नावाची दुसरी गाठ दिसावयास साधी आणि देखणी, शीड आखडून बांधण्यासाठी योजलेली. पण तिने दोन दोर जोडून त्यांवर भार टाकला तर ती दगा देते, विशेषतः दोर निरनिराळ्या जाडीचे असतील तर. त्यासाठी शीट बेंड निराळी. चांगल्या गाठीची कसोटी त्याने एका वाक्यात सांगितली: "धरली पाहिजे, आणि दुसऱ्याला सोडता आली पाहिजे." मी ते वाक्य तेथल्या तेथे लिहून घेतले.

धक्क्याशी लागलेले जहाज आपल्याला निश्चल वाटते. वस्तुतः ते दर घटकेला वर-खाली होत असते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचे अंतर चार मीटरांहून अधिक असते. नाळेकडून पुढे आणि पाठीकडून मागे जाणारे दोर, जहाजाला धक्क्याशी आडवे धरणारे दोर, आणि तिरके जाऊन त्याला पुढेमागे सरकू न देणारे स्प्रिंग, या साऱ्यांची रचना अशी असते की जहाज घट्ट राहावे पण त्याला पाण्याबरोबर श्वास घेता यावा. ओहोटीत कोणी दोर सैल करावयास विसरले तर जहाज त्यांना टांगल्यासारखे होते आणि दोर तुटतात.

धक्क्यावरील ठेंगण्या लोखंडी खांबाला बोलार्ड म्हणतात. आमच्या जहाजाचा दोर ज्या बोलार्डला होता, त्यालाच शेजारच्या जहाजाचाही होता. दोन्ही दोरांच्या टोकांना फास होते, आणि माझ्या मनात सहज आले की खाली असलेला फास काढावयाचा तर वरचा आधी काढावा लागणार. पेटी ऑफिसराने मला कठड्याशी नेऊन दाखविले. आमचा फास नंतर पडला होता, पण तो वरून टाकलेला नव्हता. तो पहिल्या फासाच्या आतून खालून वर काढून मग बोलार्डवर चढविला होता. त्यामुळे दोहोंपैकी कोणताही दोर, दुसऱ्याला धक्का न लावता, केव्हाही काढता येत होता. "नंतर येणाऱ्यानं हे करायचं असतं," तो म्हणाला. "पहिल्याला निघायचं असलं तर त्याला आपल्यासाठी थांबावं लागू नये." मी पुष्कळ नीतिग्रंथ वाचले आहेत, शेजारधर्माची इतकी नेमकी आणि हाताने करून दाखविता येणारी व्याख्या माझ्या पाहण्यात आलेली नाही.

वांव आणि साखळी

नांगराविषयी आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की तो जड असतो म्हणून जहाज थांबते. नांगराचे नख तळात रुतते हे खरे, पण ते रुतलेले राहते ते साखळीमुळे. पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडलेली असते. तिचा बराचसा भाग समुद्राच्या तळावर आडवा पडून राहतो, आणि वारा जहाजाला ओढतो तेव्हा ती आडवी साखळी नांगराला वर खेचू न देता तळाशी समांतर ओढते. साखळी आखूड पडली की ओढ वर लागते आणि नख उपटले जाते. म्हणून फोक्सलवरील मंडळी साखळी सतत मोजीत असतात. तिचे माप शॅकल: १५ फॅदम, म्हणजे सुमारे २७ मीटर, प्रत्येक जोडावरील कड्या रंगविलेल्या असतात, म्हणजे किती गेली हे धावत्या साखळीतही डोळ्यांना कळावे. साखळी कोणत्या दिशेला ताणली आहे हे घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत ब्रिजला, म्हणजे जेथून जहाज हाकले जाते त्या कक्षाला, कळविले जाते, आणि लोखंडाच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत तेथे हाताच्या खुणांनी. साखळी सरळ उभी झाली की एक खबर, नांगराने तळ सोडला की दुसरी, आणि तो पाण्याबाहेर दिसला की तो मोकळा आहे अथवा कशात गुंतला आहे, ही तिसरी. या खबरा देणारा समुद्र पाहत असतो. ब्रिजवरचा अधिकारी त्याच्या डोळ्यांनी पाहतो.

फॅदम हे सहा फुटांचे माप म्हणजे पसरलेल्या दोन बाहूंमधले अंतर. त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच कवेत घेणे असा आहे. मराठीत याच मापाला वांव म्हणतात. काही आठवड्यांनी मी हर्णैच्या बंदरात, समोर सुवर्णदुर्ग दिसत असताना, एका वृद्ध तांडेलापाशी हा विषय काढला. त्याने काही न बोलता दोन्ही हात पसरले, काल्पनिक दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मोजले: एक वांव, दोन वांव. त्याच्या आजाच्या वेळी शिशाचा गोळा दोराला बांधून पाणी मोजीत, गोळ्याला चिखल लागला की वाळू यावरून जाळे टाकण्याची जागा ठरवीत. जुन्या आरमारी जहाजांवर हीच रीत होती. त्या दोरावर ठरावीक वांवांना चामड्याच्या पट्ट्या, पांढरे सुती कापड, तांबडे लोकरी कापड, भोक पाडलेले चामडे अशा खुणा बांधीत, आणि त्या मुद्दाम निरनिराळ्या पोताच्या असत, म्हणजे काळोखात बोटांनी वा ओठांनीही ओळखू याव्यात. हे ऐकून तांडेल म्हणाला, "रातच्याला डोळा काय करणार मास्तर, हातच बघतो." आज हे काम ध्वनिलहरींची यंत्रे करतात, पण दोन बाहूंचे ते माप दोन किनाऱ्यांवरच्या माणसांनी आपल्याच देहावरून घेतले, हे विसरण्याजोगे नाही.

पहारा

जहाजावरील काळाचाही बंदोबस्त असाच आहे. दिवस चार-चार तासांच्या पहाऱ्यांत वाटलेला असतो, आणि दर अर्ध्या तासाला घंटेचा एकेक ठोका वाढत जाऊन आठ ठोक्यांनी पहारा संपतो, अशी जुनी रीत आहे. पण चोवीस तासांत असे सहाच पहारे होतात, आणि संख्या सम असल्याने त्याच माणसांच्या वाट्याला रोज मध्यरात्रीचा पहारा येईल. म्हणून दुपारी चार ते रात्री आठ हा पहारा दोन-दोन तासांचा करून टाकला; पहारे सात झाले आणि मध्यरात्र सर्वांना वाटून मिळाली. पहाऱ्यावरच्या माणसांपर्यंत हुकूम पोचविण्यासाठी बोसनची, म्हणजे डेकवरील खलाशांच्या मुकादमाची, शिट्टी असते. तिच्या भागांना तोफ, बोया, कणा आणि शॅकल अशी जहाजाचीच नावे आहेत. माणसाचा आवाज वाऱ्यात विरतो, शिट्टीचा चिरत जातो.

कोणाची भाषा?

दोन तासांत माझ्या कानांवर पडलेले बहुतेक शब्द इंग्रजी होते, आणि एखाद्या वाचकाला वाटेल की ही सारी विद्याच परक्यांची आहे. तसे नाही. ज्या गोदीत ते जहाज उभे होते तिचा पाया घालण्यासाठी लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने येथे सागवानात बांधलेले, १८१७ साली पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. सागवानाचे इंग्रजी नाव मलबारच्या भाषेतून गेलेले. काथ्याचे नावही तेथलेच. लहान होडीला त्यांनी दिलेले डिंगी हे नाव आपल्या देशातील डिंगीचेच.

शिडांच्या जमान्यात हिंदी महासागरातील जहाजांवर जी भाषा चाले ती कोणा एका जातीची वा मुलखाची नव्हती. १८११ साली कलकत्त्यात थॉमस रोबक याने इंग्रजी आणि हिंदुस्थानी आरमारी शब्दांचा कोश छापला, तो इंग्रज अधिकाऱ्यांना येथल्या खलाशांना हुकूम देता यावेत म्हणून. राज्य ज्यांचे होते त्यांनाच डेकवर खलाशांची बोली शिकावी लागली. त्या बोलीत बोसनला सारंग, त्याच्या मदतनिसाला तांडेल, सुकाणू धरणाऱ्याला सुकाणी, मार्ग काढणाऱ्याला मालम, आणि स्वयंपाक्याला भंडारी म्हणत. यांतला सारंग फारसीतून आलेला. मालम आणि सुकाणू अरबीतून. नाखवा म्हणजे नाखुदा, नावेचा धनी. आरमार हा शब्दच पोर्तुगिजांच्या आर्मादापासून. क्रेनने माल खाली उतरविताना गोदीतला कामगार आजही "आरिया" अशी हाक देतो, ती पोर्तुगीज खलाशाची 'उतरव' ही आज्ञा आहे. ती देणाऱ्याला पोर्तुगाल ठाऊक असण्याचे कारण नाही.

शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी, दौलतखान आणि दर्यासारंग ही नावे शेजारी शेजारी येतात, ती याच मिश्र जगातली. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि त्यात जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्याफणसांना तिच्या राजीखुषीवाचून हात लावू नये, अशी सक्त ताकीद दिली. गलबत बांधणाऱ्याने झाड लावणाऱ्याचा विचार करावा, हा विचार आणि बोलार्डवरच्या फासाचा विचार यांची जात एकच आहे.

आणि जेथे हा विचार सुटतो तेथे काय होते, हेही याच मुंबईने पाहिले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदलाच्या ठाण्यावर जो उठाव सुरू झाला, त्याच्या कारणांत निकृष्ट अन्नाबरोबर वरिष्ठांची अपमानास्पद भाषा हेही एक कारण होते. डेकवरचा हुकूम आखूड असतो, कठोर असतो, पण तो ऐकणाऱ्याच्या जिवाची काळजी वाहतो. शिवी दिसते तशीच आखूड आणि कठोर, पण ती कोणाचीच काळजी वाहत नाही. खलाशाला हा फरक इतरांपेक्षा लवकर कळतो. २०२२ साली नौदलाच्या निशाणावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, त्याचा आनंद मला आहे. पण वांव, तांडेल, सुरगाठ हे शब्द आमच्या शाळकरी मुलांच्या तोंडी राहिले तर तो आनंद पुरा होईल.

भाऊचा धक्का

हर्णैहून परतल्यानंतर काही दिवसांनी रेवसला जाण्यासाठी मी भाऊच्या धक्क्यावर गेलो. उधाण होते, पायऱ्यांवर पाणी चढले होते आणि लाँचा एकमेकींना घासत होत्या. आमची लाँच उशिरा लागली होती. तिच्यावरचा खलाशी, सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, अनवाणी, दोराचा फास हातात घेऊन उडी मारून धक्क्यावर उतरला. खांबाला आधीच मोऱ्याला जाणाऱ्या लाँचीचा दोर होता. पोरगा वाकला, त्याने आपला फास त्या फासाच्या आतून खालून वर काढला, खांबावर चढविला आणि हात झटकून उभा राहिला. मी त्याला विचारले, "हे कुणी शिकवलं रे तुला?"

त्याला प्रश्न नीट समजला नाही. "मोऱ्याची आधी सुटणार ना, काका," तो म्हणाला, आणि माझी पिशवी उचलून लाँचीत ठेवण्यासाठी हात पुढे केला.